थोरला सोडून मधला

एल्डनने पुस्तिकेतला आकडा खरा मानला, ही गोष्ट नेल्डा क्रेमरच्या मनातून काही केल्या जाईना.

दुसऱ्या कुणाच्या मुलाने मानला असता तर तिने लक्षही दिलं नसतं. माणसं मानतातच. गुळगुळीत कागद असतो, डोंगराच्या पायथ्याशी चकचकणारा पिकअप असतो आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हा इतके हजार पौंड ओढतो. पण एल्डन त्यातला नव्हता. तो वजनकाट्यावर वाढलेला मुलगा होता.

रविवारी दुपारी तो आपल्या मुलीला, ओपलला, घेऊन जेवायला आला होता. नेल्डाने कोबी-खिमा भरलेले पाव केले होते. तिसरा पाव मोडता मोडता तो सहज बोलावं तसं म्हणाला, "ट्रकचं ठरलं बरं का, आई. मधला घेतोय."

कॉटनवुड बेंडमध्ये पिकअप भावांसारखे मोजतात. थोरला, मधला आणि धाकटा. धाकटा शहरातल्या लोकांचा, किराणा आणण्यापुरता. मधला शिक्षकांचा, पोस्टमनचा, फार तर मासेमारीची होडी ओढणाऱ्याचा. ज्याच्या मागे जनावरं असतात त्याच्याकडे थोरलाच असतो, यावर गावात कधी चर्चाही होत नाही.

"मधला?" नेल्डा म्हणाली. "आणि खेचरं कोण ओढणार? ओपल?"

"साडेसात हजार पौंड ओढतो तो. आपलं ओझं सात हजार. बसतंय की."

"काट्यावर घेतलंस?"

"कशाला? पुस्तिकेत लिहिलंय."

एवढं बोलून त्याने चहाच्या ग्लासाकडे हात नेला. उजव्या बाजूचा ग्लास कोपराला लागून आडवा झाला आणि बर्फासकट गार चहा टेबलभर पसरला. "बाबा, ग्लास!" ओपल ओरडली, पण उशीर झाला होता. एल्डन हसला, ओपलही हसली, कुत्र्याने खाली सांडलेला चहा चाटला. नेल्डा फडकं आणायला उठली, ती मनात एकच वाक्य घोळवत. पुस्तिकेत लिहिलंय. हे वाक्य तिच्या घरात, तिच्या टेबलावर, रूबेन क्रेमरचा मुलगा बोलला होता.

रूबेन म्हणजे नेल्डाचा नवरा. सहकारी गोदामाच्या वजनकाट्यावर त्याने एकतीस वर्षं काढली. शरद ऋतूत साखरबीटचे ट्रक रांगेने यायचे. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, पावती फाडायची. एल्डन शाळा सुटली की थेट काट्याच्या खोलीत जाऊन बसायचा. सातव्या वर्षी तो ट्रक लांबून बघून वजन सांगायचा आणि शंभर-दोनशे पौंडांच्या वर चुकायचा नाही. गावाला काट्याची इतकी सवय की बोलण्यातही तोच. कुणी म्हणालं, मी दोन फुटांचा मासा पकडला, की समोरचा विचारायचा, "पावती आहे?" आणि कुणी काही मोठं करायला निघाला, लग्न म्हणा, जमीन म्हणा, की म्हातारी माणसं विचारायची, "काट्यावर घेतलंस का?" म्हणजे नीट तपासलंस का.

एल्डनने तर त्याचा धंदाच केला. उन्हाळ्यात तो बिगहॉर्नच्या डोंगरात खेचरांवरून सामान पोहोचवायचा. वनखात्याची माणसं वर पायवाटा दुरुस्त करायची, त्यांचं धान्य, करवती, तंबू, सगळं त्याच्या खेचरांवर. खेचराच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या सारख्या वजनाच्या नसतील तर खोगीर सरकतं, जनावराची पाठ सोलते आणि कड्यावर तोल गेला तर जनावरही जातं. म्हणून एल्डनकडे एक स्प्रिंगचा ताणकाटा होता. प्रत्येक पेटी तो त्यावर टांगायचा आणि एका बाजूला पौंडभर जास्त निघालं तर बटाटे मोजून इकडचे तिकडे करायचा. "एल्डन कॉफीसुद्धा दोन्ही गालांत सारखी धरतो," असं लोक म्हणायचे.

ट्रकच्या बाबतीत तर तो छळवादी होता. चार वर्षांपूर्वी शेरिडनचे एक दंतवैद्य नव्याकोऱ्या मधल्या पिकअपला दोन घोड्यांची गाडी जोडून टेन स्लीपच्या घाटाकडे निघाले होते. पेट्रोल भरायला थांबले आणि तिथे एल्डन भेटला. त्याने त्यांचं दार उघडून चौकटीवरची भारमर्यादेची चिठ्ठी वाचून दाखवली.

"डॉक्टर, पुस्तिकेतला आकडा रिकाम्या ट्रकचा असतो. त्यात एक सडपातळ चालक बसलेला असतो, आणि तोही उपाशी. ही चिठ्ठी वाचा. तुम्ही, तुमच्या बाई, खोगिरं, कुत्रा आणि गाडीचा जो भार मागच्या जोडावर, हिचवर, दाबतो तो, सगळं ह्या आकड्यात बसलं पाहिजे. चढ चढाल हो. उतरताना मागची गाडी तुम्हाला उतरवेल."

दंतवैद्य चिडले, पण काट्यावर गेले आणि एक घोडा गावात ठेवून पुढे गेले. अजून नाताळात कार्ड पाठवतात.

आणि आता हाच माणूस म्हणत होता, पुस्तिकेत लिहिलंय.

कुठेतरी पाणी मुरत होतं. नेल्डाने आधी सगळ्यांत जवळची शंका घेतली. बाई. एल्डनचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. अडतीस वर्षांच्या पुरुषाला अचानक छोटा, देखणा, शहरात सहज उभा करता येणारा ट्रक हवासा वाटला, तर त्याच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी बसणार असतं. तिने सोमवारी फोनवर आडून विचारलं.

"वोरलँडला वरचेवर जावं लागतं का रे हल्ली?"

"नाही. का गं?"

"काही नाही. तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणतात."

"आई," एल्डन म्हणाला, "मला कुणी भेटलेलं नाही. भेटली तर तिलाच विचारून ट्रक घेईन, म्हणजे तुम्ही दोघी मिळून मला बोलाल."

हसला. पण ते हसणं तिला उगाच लांबवल्यासारखं वाटलं. बाई नसेल तर दुकानदार. गावाबाहेरच्या त्या ट्रकच्या दुकानात जोडे चमकवून फिरणारा एक विक्रेता होता. असल्या माणसाने तिच्या मुलाला गुंडाळलं असणार.

मंगळवारी ती स्वतः गेली. पस्तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय चालवलेली बाई. खोटं बोलणाऱ्या मुलाकडे चष्म्यावरून कसं बघायचं ते तिला माहीत होतं. तिने मधल्या ट्रकचं दार उघडलं, चौकटीवरची चिठ्ठी वाचली आणि पर्समधून पेन्सिल काढली. माणसं आणि सामान मिळून बाराशे चाळीस पौंड. तिने खाली मांडणी केली. हिचवरचा भार, सात हजारांच्या आठव्या हिश्शाहून थोडा कमी, साडेआठशे. एल्डन, दोनशे दहा. ओपल, ऐंशी. कुत्रा, साठ. मागे पेट्या आणि दोर, साडेतीनशे. पंधराशे पन्नास.

तीनशे दहा पौंड जास्त. हे गणित एल्डन झोपेत करायचा.

"तुम्ही त्याला हे सांगितलं नाहीत?" तिने विचारलं.

विक्रेत्याने दोन्ही हात वर केले. "मिसेस क्रेमर, एल्डनला आकडे मी शिकवायचे? मी तर थोरलाच दाखवत होतो. तो उभा आहे बघा, एकोणीसशे पौंडांची चिठ्ठी, जुना पण धडधाकट. त्याने बघितलाही नाही. म्हणतो, रुंद आहे."

"रुंद?"

"हो ना. एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत टेप लावून मोजला. मग मधला दोन शंकूंच्या मधून तीनदा नेऊन पाहिला. आणि कॅमेऱ्याबद्दल विचारत होता, बाजूने काही आलं की वाजणारी घंटी असते ना, ती."

"एल्डन? घंटी?"

"मलाही नवल वाटलं. माझ्याच तोंडावर तो तिला सासूबाई म्हणायचा."

नेल्डा घरी परतली तेव्हा विक्रेत्यावरचा संशय गेला होता, पण जागा रिकामी राहिली नव्हती. रुंद. एल्डनने एकोणीस वर्षं थोरला चालवला होता. जूनमध्ये चढावर त्याचा गिअरबॉक्स बसला म्हणून तर नवा घ्यायची वेळ आली. तोच ट्रक तो गोदामाच्या अरुंद फाटकातून, मागे गाडी जोडून, उलटा आत घ्यायचा आणि वर सँडविच खात असायचा. आज त्याला ट्रक रुंद का वाटावा?

बुधवारी ती त्याच्या घरी गेली, एका हातात रुबार्बच्या आंबट देठांची पेस्ट्री घेऊन. निमित्त पेस्ट्रीचं, पण डोळे सगळीकडे. एल्डन खेचरांचे नाल तपासायला मागे होता. ती फाटकाशी थांबली. आत शिरताना उजवीकडे जो रेल्वेच्या लाकडाचा खांब होता, त्यावर पांढऱ्या रंगाचे ओरखडे होते. एक नव्हे. खालचे जुने, धुळीने मळलेले; वरचे ताजे, आरशाच्या उंचीचे. तिने बोट फिरवलं. जुन्या ट्रकचा पांढरा.

"हे काय रे?" एल्डन हात पुसत आला तेव्हा तिने विचारलं.

"ते? ओपलने सायकल धडकवली."

ओपलची सायकल लाल होती. आणि आरशाच्या उंचीवर सायकलला काही नसतं.

नेल्डाने पेस्ट्री त्याच्या हातात दिली. त्या खोऱ्यात पुरुषाला त्याच्या गाडी चालवण्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच्या दारूबद्दल बोलतील, त्याच्या बायकोबद्दल बोलतील, चर्चला न येण्याबद्दल तर खुद्द पाद्री दारात येऊन बोलेल. पण तू ट्रक नीट मागे घेत नाहीस असं म्हणणं म्हणजे हद्द. रूबेनच्या शेवटच्या वर्षी तेच झालं होतं. काट्याचे आकडे त्याला नीट दिसेनासे झाले होते, तीनचे आठ व्हायचे. शेजारी बसणारा गस गुपचूप पावत्या दुरुस्त करायचा. शेतकऱ्यांना माहीत होतं, व्यवस्थापकाला माहीत होतं, नेल्डाला माहीत होतं. कुणीच बोललं नाही, म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून. निरोपाच्या जेवणात कुणीतरी थट्टेत म्हणालं, "रूबेन, तुझ्या आठांबद्दल गसचे आभार मान." सगळे हसले. रूबेन घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि नंतर मरेपर्यंत गोदामाच्या रस्त्याने गेला नाही. वाण्याकडे जायचं तरी मैलभर वळसा घालून. नेल्डाकडे मात्र तो अधूनमधून बघायचा. तुलाही माहीत होतं, असं.

गुरुवारी ओपलला पोहायला सोडायचं नेल्डाकडे होतं. ओपल अकरा वर्षांची, लांब हातापायांची, तोंडाची टकळी न थांबणारी. पुढच्या सीटवर बसली आणि कुत्र्याच्या पंजात काटा कसा गेला ते सांगू लागली. बीटच्या शेतांमधला रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो तिथे नेल्डाने गाडी थांबवली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे मान वळवणार, एवढ्यात ओपल गोष्ट न थांबवता मध्येच मोठ्याने म्हणाली, "मोकळं!" आणि पुढे सांगू लागली, "मग मी चिमट्याने तो काटा—"

नेल्डाने गाडी पुढे नेली नाही.

"काय म्हणालीस?"

"काटा. चिमट्याने काढला."

"त्याच्या आधी."

ओपलने तोंडावर हात ठेवला. "अय्या. तुझ्या गाडीत नाही म्हणायचं. सवय झाली गं, आजी."

"कसली सवय?"

"आमचा खेळ आहे. मी बाबांचा उजवा हात. उजवीकडे काही नसेल तर मोकळं म्हणायचं, असेल तर थांब म्हणायचं. एकदाही चुकलं नाही तर घरी गेल्यावर च्युइंगम. मी अजून एकदाही चुकले नाही." ती अभिमानाने सांगत होती. "गाय पण सांगते मी. कचऱ्याचा डबा पण."

"कधीपासून खेळता?"

"बाबांना तार लागली होती ना, त्याच्यानंतर."

फेब्रुवारीत गोठलेल्या गवताच्या गठ्ठ्याची तार कापताना ती उसळून एल्डनच्या उजव्या डोळ्यावर बसली होती. दोन दिवस त्याने पट्टी बांधली, समुद्री चाच्यासारखी, आणि तिसऱ्या दिवशी काढली. खरचटलंय फक्त, म्हणाला. बिलिंग्जच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, म्हणाला. नेल्डाने त्याला बाटलीभर सूप पाठवलं आणि विषय विसरली. आता तिला आठवलं की डॉक्टरचं नाव तिने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "कुणीतरी तरुण पोरगा होता."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. तिने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"ओपल," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "आणि बसमध्ये?"

कारण हिवाळ्यात, डोंगर बंद झाला की, एल्डन शाळेची बस चालवायचा. बारा वर्षं. बर्फात, पहाटेच्या अंधारात, एकेचाळीस मुलं. रस्त्यावरच्या प्रत्येक आईला माहीत होतं की एल्डनची बस आली नाही म्हणजे रस्ताच बंद आहे. उतरणारं मूल बसच्या उजव्या दारातून उतरतं आणि बसच्या पुढून, उजवीकडून डावीकडे जातं.

"बसमध्ये मी पहिल्या बाकावर," ओपल म्हणाली. "मार्चपासून तिथेच. तिथे ओरडायचं नाही, हळूच सांगायचं. तिथे दोन च्युइंगम." मग आजीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "बाबा म्हणाले आपलं गुपित आहे. मी चुकले का?"

"नाही गं राणी," नेल्डा म्हणाली. "तू कुठेही चुकली नाहीस. आता मला सांग, त्या काट्याचं पुढे काय झालं?"

पोहण्याच्या तलावाशी ओपल उतरून पळाली आणि नेल्डा गाडीत तशीच बसून राहिली. आठवडाभराच्या सगळ्या शंका एकेक करून पुढे आल्या, आणि आता त्या शंका उरल्या नव्हत्या. सांडलेला चहा. जेवताना हल्ली बापाच्या उजवीकडेच बसणारी ओपल. खांब. टेप. घंटी. तिचा मुलगा दोष ट्रकच्या रुंदीवर ढकलत होता. ट्रक अरुंद केला की खांब लांब जाईल, एवढाच त्याचा हिशेब. त्यासाठी तो तीनशे दहा पौंड गिळायला तयार होता, घाटाच्या उतारावर, मुलीला शेजारी बसवून. आणि त्याला हे माहीत होतं. ज्या माणसाने दंतवैद्याला दार उघडून चिठ्ठी वाचून दाखवली, त्याने स्वतःची चिठ्ठी वाचलीच नसेल असं होत नाही. वाचली होती, आणि दार लावून घेतलं होतं.

एक संशय मात्र जाईना, आणि तो तिचा स्वतःवरचा होता. आपल्याला फेब्रुवारीतच कळलं नव्हतं का? तरुण पोरगा होता म्हणाला तेव्हा आपण सुपाचं झाकण घट्ट लावण्यात इतके गुंग कसे झालो?

शुक्रवारी चार वाजता एल्डन दुकानात सही करणार होता. शनिवारी पहाटे तीन खेचरं आणि ओपलला घेऊन वर जाणार होता. दुपारी दोनला नेल्डा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर सहकारी गोदामाची जुनी काट्याची पावती, रूबेनच्या अक्षरातली. अशा पावत्यांच्या कोऱ्या पाठींवर ती अजून याद्या लिहायची. तिने नावं लिहायला सुरुवात केली.

विक्रेता. त्याला फोन करून सांगता येईल, आज सही घेऊ नकोस. पण मग एल्डन दुसरीकडून घेईल, आणि आईने पाठीमागून काय केलं ते गाव त्याला सांगेल. तिने नाव खोडलं.

ओपलची आई. ती कॅस्परला राहायची आणि तिच्याच संमतीने मुलगी इकडे बापाकडे असायची. तिला एक फोन केला की ती संध्याकाळपर्यंत येऊन ओपलला घेऊन जाईल, आणि परत पाठवणार नाही. ओपल वाचेल. एल्डनचं काय? आणि एकेचाळीस मुलांचं? तेही नाव खोडलं, पण पुसट. ओपल शनिवारी त्या ट्रकात बसणार नव्हती, हे कुणालाही फोन न करता नेल्डाने ठरवून टाकलं होतं. वाटलं तर ती स्वतः त्या फाटकात आडवी गाडी लावणार होती.

शाळेचं बसचं गॅरेज. हे नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात चालकांची डोळेतपासणी होती. दर दोन वर्षांनी असायची, यंदा एल्डनची पाळी होती. कदाचित तिथेच कळेल. कदाचित नाही, गावातला तपासणारा जुना मित्र होता, आणि जुने मित्र अक्षरांचा तक्ता पाठ असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वाचायला लावत नाहीत. गसनेही पावत्या दुरुस्तच केल्या होत्या. सगळ्यांनीच केल्या होत्या, प्रेमाने.

तिने ते नाव खोडलं नाही. त्याच्या वरती, कागदाला टोक लागेल इतकं दाबून, एल्डनचं नाव लिहिलं.

सव्वादोनला दारात पावलं वाजली. गस होता, बागेतले मुळे घेऊन. रूबेन गेल्यापासून शुक्रवारी यायचा.

"चेहरा असा का?" त्याने विचारलं.

"गस, एक खरं सांग. रूबेनला तू तेव्हाच सांगितलं असतंस, पहिल्या चुकीच्या पावतीला, तर काय झालं असतं?"

गसने मुळे ओट्यावर ठेवले. टोपी काढली. "मला शिव्या घातल्या असत्या. महिनाभर बोलला नसता." हातातली टोपी फिरवत म्हणाला, "मग चष्मा घेतला असता, नेल्डा. एवढंच होतं ते. चष्म्याचंच काम होतं."

तो निघून गेल्यावर ती दारात उभी राहिली. शेतात पाण्याची कारंजी फिरत होती. बिलिंग्जला एल्डन गेलाच नसेल तर अजून काही करता येईल की वेळ गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. डोळ्याचं चष्म्यावर भागेल की डोळाच गेलाय, हेही नाही. बस गेली तर हिवाळ्यात तो काय करील? खेचरं एका डोळ्यानेही चालवता येतात. खेचराला स्वतःचे दोन असतात. ट्रकचं बघता येईल. थोरलाच घ्यायचा आणि चालवायचा दुसऱ्या कुणी. ती स्वतः चालवील. एकोणीसशे साठ सालच्या जुन्या बीटच्या ट्रकवर शिकली होती ती, तीन गिअरच्या. घाट तिला काय नवा होता? चौसष्ट वर्षांच्या बाईला खेचरांची गाडी ओढताना बघून गाव हसेल. हसू दे. त्यांना म्हणावं, पावती आहे.

तो चिडणार, हे नक्की होतं. फोन आपटेल. ओपलने सांगितलं का, म्हणेल, आणि तेव्हा खोटं बोलावं लागेल. मी खांब बघितला, असं सांगायचं; ते खोटंही नाही. लाल सायकल आणि पांढरा रंग, असं सांगायचं. मग तो गप्प बसेल. त्या गप्प बसण्यात आपण बोलायचं नाही, हेही तिने ठरवलं. शाळेच्या ग्रंथालयात ती हेच करायची. मूल खोटं बोललं की थांबायचं, पुस्तकाची धूळ पुसत राहायचं, जोपर्यंत खरं आपणहून बाहेर येत नाही.

आणि नाहीच आलं, तर पावतीवर दुसरं नाव होतं. तो फोन ती आजच करणार होती, पाच वाजता गॅरेज बंद व्हायच्या आत, आणि करणार असल्याचं त्याला आधी सांगून करणार होती.

अडीच वाजले. तिने भिंतीवरचा फोन उचलला, पावती समोर भिंतीला टेकवून धरली आणि वरच्या नावाचा नंबर फिरवू लागली. पहिलं वाक्य तिच्याकडे तयार होतं. ते तिच्या नवऱ्याच्या काट्याचं होतं, आणि या वेळी ते ट्रकबद्दल नव्हतं.

"एल्डन," ती म्हणणार होती, "काट्यावर घेतलंस का?"